गुंडप्पाच्या दारातले विळे

आमच्या सामानाची यादी मला अजून तोंडपाठ आहे, कारण तट्टावर सामान चढवताना ती म्हणायचं काम माझं होतं. सराण, तिची लाकडी चौकट, ओढायची कातडी वादी, कुरुंदाच्या भुकटीची पिशवी, लाखेचा डबा, तवा, पितळी तपेली, गोधड्या, आणि सगळ्यांत शेवटी रशीद. रशीद माझा धाकटा भाऊ. तो चालायला शिकला होता, पण त्याला चालायला लावलं तर पुढचं गाव दुसऱ्या दिवशी यायचं. यादीतलं काही राहिलं तर परत फिरायला लागायचं, आणि परत फिरणं अब्बाला अजिबात आवडत नसे. मला आजही कुठं निघायचं म्हटलं की हातात कागद लागतो. मुलं हसतात. हसू देत, पण त्यांचे चष्मे आणि चाव्या मीच आठवणीनं घेते.

आम्ही शिकलगार. माझे आजोबा माळव्यातल्या एका लहानशा संस्थानात तलवारी घासायचे. तिथल्या राजानं तलवारींसाठी माणसं पोसणं बंद केलं, तेव्हा आजोबांना कुणीतरी सांगितलं की निजामाच्या मुलखात अजून लोक तलवार बाळगतात. ते सराण घेऊन दक्षिणेकडे निघाले. इथं पोचेपर्यंत तलवारी भिंतीवर गेल्या होत्या. लोकांकडं धार लावण्यासारखं होतं ते न्हाव्याचे वस्तरे, शिंप्याच्या कातऱ्या, घरातल्या सुऱ्या आणि अडकित्ते. "तलवार के वास्ते निकले, कैंची पे आके रुके," असं अब्बा आमच्या घराण्याचा इतिहास एका ओळीत सांगायचा. आजोबा वाटेतच गेले. मग अब्बा, अम्मा, मी आणि रशीद असे आम्ही तुळजापूर, अणदूर, नळदुर्ग, बेंबळी या फेऱ्यात फिरत राहिलो. बाजारात चार दिवस, जत्रेत आठवडा, पुन्हा तट्टू.

सराण म्हणजे आमचं धारेचं चाक. ते दगडाचं नसतं. कुरुंदाचा दगड कुटून, फडक्यातून गाळून त्याची भुकटी करायची, लाख वितळवून तिच्यात मिसळायची आणि गरम असतानाच थापून चाक करायचं. लाख वितळायला लागली की तिचा गोडसर, किंचित जळका वास सुटतो. तो वास आला की आज चाक नवं होणार आणि जेवण उशिरा मिळणार, हे आम्हां मुलांना कळायचं. चाकाच्या कण्याला वादीचा वेढा असे. वादीची दोन्ही टोकं माझ्या हातात. उजवं टोक ओढलं की चाक पुढं फिरायचं, डावं ओढलं की मागं. पुढं फिरताना अब्बा पातं टेकवायचा, मागं फिरताना उचलायचा. आमच्यात बोलणं नसायचं. पात्याच्या आवाजावरून मला कळायचं की आता जोरात ओढायचं की हलकं. कातरी शीळ घालायची, सुरी खरखरायची, वस्तरा तर झोपलेल्या मुलासारखा नुसता श्वास घ्यायचा. आता आमच्या दुकानात विजेवर फिरणारा दगड आहे. तो सगळ्या पात्यांना एकाच आवाजात ओरडतो, त्यामुळे माझ्या लेकाला बघत राहावं लागतं. मी पाठमोरी बसूनही त्याला सांगते, "फार झालं, उचल."

त्या वर्षी आम्ही बेंबळीला आलो तेव्हा अम्मा पोटुशी होती. रशीदच्या आधीचं एक मूल वाटेवर जन्मलं आणि वाटेवरच गेलं होतं. अम्मानं त्याबद्दल कधी बोलून दाखवलं नाही. पण वेशीजवळच्या चिंचेखाली पाल ठोकलं त्या दिवशी तिनं तवा खाली ठेवला आणि अब्बाला सांगितलं, "ये बच्चा छत के नीचे होना. मैं अब तट्टू नहीं लादती."

"जगा कौन देंगा?" अब्बानं विचारलं.

"पूछे बगैर कौन देंगा?"

अब्बा पाटलाकडं गेला. पाटील तोडून बोलणारा माणूस नव्हता, पण हो म्हणायचीही त्याला घाई नसे. तो म्हणाला, "इमामभाई, सुगी निघू द्या. गाव कामात हाय. मग बघू." अब्बा परत आला आणि "मग बघू" या दोन शब्दांचा अर्थ काय, यावर त्या दोघांचं बराच वेळ चाललं. अब्बाच्या मते तो नकार होता. अम्माच्या मते ती मुदत होती.

तर आम्ही सुगी निघायची वाट बघत थांबलो. अम्मा ज्वारीची भाकरी थापायला तिथंच शिकली. तिला आईनं गव्हाच्या बाट्या शिकवल्या होत्या, शेणीच्या आरात भाजायच्या. इथं गहू पिकायचा, पण तो विकायला. खायला ज्वारी. तिची भाकरी सुरुवातीला परातीतच फाटायची. मग लोहाराची बायको कोंडाबाई एकदा आमच्या पालाशी येऊन उभी राहिली आणि न बोलता तिनं पीठ उकळत्या पाण्यात भिजवून दाखवलं. अम्मा मराठी बोलत नसे. कोंडाबाईला आमची बोली येत नसे. दोघी रोज एकमेकींशी तासभर बोलायच्या. कोंडाबाई जाताना हुलग्याचं माडगं ठेवून जायची, अम्मा तिला लसणाची लाल चटणी द्यायची, आणि दोघींनाही दुसरीचं जास्त तिखट वाटायचं.

इथं आमच्या धंद्याची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. शिकलगारानं विळ्याला हात लावायचा नाही. विळा, खुरपं, कुऱ्हाड, फाळ हे सगळं लोहाराचं. गावाचा लोहार वर्षभर ती हत्यारं तापवून, ठोकून, पाजवून द्यायचा आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपलं बलुतं आणायचा. आम्ही वाटसरू. आम्ही विळ्याला धार लावली तर ते लोहाराच्या ताटातलं उचलल्यासारखं झालं असतं. आजोबांनी ही रीत इतकी कडक पाळली होती की कुणी बाई विळा घेऊन आली तर अब्बा हात मागं घ्यायचा, जणू ती इंगळ देत होती.

त्यात त्या सालात लढाई चालू होती. ती कुठं चालली होती हे आम्हाला माहीत नव्हतं, पण लोखंड तिकडं गेलं हे सगळ्यांना माहीत होतं. बाजारात नवा विळा दिसत नव्हता. जुनेच विळे पुन्हा पुन्हा पाजवून चालवायचे. अशात करडई काढायला आली, तिच्या मागोमाग गहू पिवळा पडला, आणि गुंडप्पा लोहाराच्या पकडीतून तापलेला फाळ निसटून त्याच्या उजव्या हातावर पडला.

गुंडप्पा म्हणजे कोंडाबाईचा नवरा. आडवा-तिडवा, मोठ्या आवाजाचा माणूस. चिडला की कानडीत बोलायचा, त्यामुळे शिव्या बसल्या की नाही हे समोरच्याला कळायचं नाही. त्याचा एकुलता एक मुलगा सोलापूरला गिरणीत होता. हाताला कोरफड आणि फडकं गुंडाळून तो ओसरीवर बाजेवर पडला. दारात विळ्यांचा ढीग साठला. बाया येऊन ढिगाकडं बघायच्या, त्याच्या हाताकडं बघायच्या आणि जायच्या. पिकलेला गहू थांबत नाही, झडतो. शेवटी पाटीलच आमच्या पालाशी आला.

"इमामभाई, चाक तर तुमच्याकडं बी हाय."

अब्बा म्हणाला, "पाटील, वो काम गुंडप्पाचा हाय. त्यानं सांगितलं तर करतो." अब्बाची मराठी अशीच होती, अर्धी इकडची अर्धी तिकडची.

"आन न्हाय सांगितलं तर?"

"तर नाही करता."

पाटील मागं फिरला. अम्मानं चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं. तिला काय वाटलं असेल ते मला तेव्हाही कळलं होतं. ज्याच्या 'बघू'वर आमचं छप्पर टांगलं होतं, त्यालाच अब्बानं अडवलं होतं. तिनं एवढंच विचारलं, "फिर जाओ ना, पूछो गुंडप्पाकू." अब्बा गेला, आणि मी वादी खांद्यावर टाकून त्याच्या मागं.

गुंडप्पानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माजा हात भाजलाय, तोंड न्हाय भाजलं. नगं म्हनू शकतो मी."

"हौ, बोलू शकते," अब्बा म्हणाला.

"चाक हितं आणायचं. माज्या दारात बसायचं. इळा माज्या दारातनं गेला पायजे. आन खळ्यावरचं दानं माज्या घरात येणार."

"दाने तुमारे. हमकू तो काम पायजे."

गुंडप्पानं त्याच्याकडं जरा वेळ बघितलं. दाणे सोडणारा माणूस एकतर खुळा असतो नाहीतर त्याला दुसरंच काहीतरी हवं असतं. त्याला कारण कळलं नसावं, पण त्यानं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही लोहाराच्या दारात चौकट मांडली. निम्मं गाव बघायला आलं. अब्बाला मी इतकं खुलून काम करताना क्वचित पाहिलं होतं. एवढे लोक आपल्या हाताकडं बघताहेत म्हटल्यावर त्यानं आजोबांची सगळी विद्या त्या विळ्यांवर ओतली. पातं असं काही उतरवलं की कडेला उन्हाची नुसती रेघ दिसायची. प्रत्येक विळ्यानं तो आपल्या हातावरचे केस उडवून दाखवायचा, मग बाईच्या हातात द्यायचा. बाया एकमेकींना विळे दाखवत होत्या. संध्याकाळपर्यंत ढीग संपला आणि अब्बाचा डावा हात कोपरापर्यंत गुळगुळीत झाला. गुंडप्पा बाजेवरून सगळं बघत होता. तो एक शब्द बोलला नाही, आणि आम्हाला वाटलं तो खूष आहे.

करडईला काटे असतात. ती दहिवरात काढतात, ऊन चढायच्या आत, कारण तेव्हा काटे नरम असतात. त्यामुळे बाया पहाटेच रानात गेल्या आणि आम्ही लोहाराच्या दारात चौकटीशी बसून भाकरी खात होतो तोवर परतही आल्या. पुढं सखुबाई होती. तिच्या जिभेला सगळं गाव वचकून असायचं. तिनं विळा अब्बाच्या पुढ्यात टाकला.

"इमामभाई, तुमचा इळा लई गुणाचा हाय. घरला नेऊन नवऱ्याची दाढी करते. करडी तुमी येऊन काढा."

मागच्या बायका हसल्या, पण त्यांचे हात काट्यांनी ओरबाडलेले होते. विळ्याची धार पानासारखी दुमडली होती. एका विळ्याची नाही, सगळ्याच. करडईचं खोड चिवट असतं. वस्तऱ्याची पातळ धार त्यावर चार घाव टिकली आणि वळली.

दुसरी एक म्हणाली, "गुंडप्पाच्या दारातनं असला इळा कदी गेला न्हवता बाई."

ते वाक्य अब्बाला लागलं. तो उठून उभा राहिला. "गुंडप्पाचं काही नाही चुकलं," तो म्हणाला. "त्यानं भरोसा केला. मैने बिगाड्या. नाव ठेवायचं तर मला ठेवा." मग तो खाली बसून एकेक विळा गोळा करायला लागला. मीही लागले. अम्मा पालातून लोहाराच्या दारापर्यंत आली होती आणि तिथंच ओसरीच्या खांबाला हात लावून उभी होती. तिच्या चेहऱ्याकडं मी बघितलं नाही. मनात मात्र यादी सुरू झाली होती, सराण, चौकट, वादी, आणि ती मला थांबवता येईना.

कोंडाबाई आतून आली. पदराला हात पुसत तिनं नवऱ्याला विचारलं, "काल दिवसभर हितंच व्हता न्हवं तुमी? तुमाला दिसत न्हवतं व्हय?"

गुंडप्पा हातावरचं फडकं नीट करायला लागला.

"इचारते मी."

"दिसत व्हतं," गुंडप्पा म्हणाला.

"मग तोंड भाजलं न्हवतं म्हनत व्हता की."

आता इतक्या वर्षांनी मला गुंडप्पाचा राग येत नाही. आपली जागा दुसऱ्यानं भरून काढलेली बघत बाजेवर पडायचं, हे सोपं नाही. माझ्या लेकानं दुकानाचा गल्ला हातात घेतला तेव्हा मीही त्याच्या दोन चुका बघून न बघितल्यासारखं केलं. पण त्या सकाळी मला वाटलं, या माणसानं आमचं घर बुडवलं.

गुंडप्पा बाजेवरून उठला. फडक्यात गुंडाळलेला हात छातीशी धरून तो अब्बाशेजारी येऊन उकिडवा बसला. डाव्या हातानं त्यानं एक विळा उचलला आणि अंगठा धारेवरून आडवा फिरवला. "इळ्याला पोट पायजे इमामभाई," तो म्हणाला. "वस्तरा पोट खपाटीला गेलेला असतो, चालतंय. इळ्याला राबायचं असतंय." मग तो ओरडला, "कोंडे, भाता धर. आदी ठोकून सरळ करावं लागंल. घासून घासून सगळं लोखंड तुमी उडीवलं तर पुढल्या साली काय दातानं काढायचं?"

असं आमचं काम लागलं. कोंडाबाई भाता ओढायची. विळा लाल झाला की अब्बा हातोडी मारायचा, कारण हातोडी धरायला गुंडप्पाचा हात नव्हता, आणि अब्बाच्या हाताला हातोडीचं ज्ञान नव्हतं. ते ज्ञान गुंडप्पा तोंडानं पुरवायचा. "हळू. हळू म्हनलं की. ती काय लाह्या फोडायची हाय? बाजूनं मारा. हां, आता पाण्यात." मग विळा चाकावर यायचा, मी वादी ओढायची, आणि गुंडप्पा डाव्या हातानं अब्बाचं मनगट धरून पातं किती कलतं ठेवायचं ते दाखवायचा. पहिल्यांदाच माझ्या कानाला नवा आवाज आला. विळा शीळ घालत नव्हता, खरखरतही नव्हता. जाड्या माणसासारखा घुमायचा. अब्बा सवयीनं हातावरचे केस शोधायला गेला तर गुंडप्पानं त्याच्या हातात करडईचं खोड दिलं. "केस कुनाच्या रानात पिकत्यात? ह्यावर बघा." खोड एका घावात तुटलं, आणि विसाव्या घावालाही धार तशीच होती. सखुबाई उभीच होती. तिनं आपला विळा उचलला, धार बघितली आणि म्हणाली, "आता नवऱ्याची दाढी ऱ्हायली." ती गव्हाच्या रानाकडं निघाली आणि बाकीच्या तिच्या मागं.

सुगीभर आमची चौकट लोहाराच्या दारातून हलली नाही. तो आवाज मला आवडायला लागला, हातोडी, भाता आणि सराण एकामागून एक. दुपारी कोंडाबाई सगळ्यांच्या भाकरी एकाच टोपल्यात आणायची आणि गुंडप्पा अम्माच्या चटणीवर तक्रार करत करत ती संपवायचा. तो अब्बाला खूप बोलायचा. अब्बाही शिकला. "गुंडप्पा, तुमारी जबान कू भी थोडी धार कम करके देऊ क्या?" असं त्यानं एकदा विचारलं, तर गुंडप्पा खोकला येईपर्यंत हसला.

मग खळी लागली. बलुतेदार आपापली चादर घेऊन खळ्यावर जातात, शेतकरी रास उपणून झाली की प्रत्येकाचा वाटा चादरीत ओततो. गुंडप्पानं अब्बाला बरोबर यायला सांगितलं, ओझं उचलायला म्हणून. मीही गेले. पाटलाच्या खळ्यावर गुंडप्पाची चादर भरली, अब्बानं ती गाठ मारून उचलली. पाटील म्हणाला, "इमामभाई, काम चांगलं झालं. सुगी निघाली. आता तुमचा मुक्काम कुठं?"

अब्बाच्या खांद्यावर ओझं होतं, त्यानं मान वर केली नाही. उत्तर गुंडप्पानं दिलं.

"मुक्काम कशाला? माज्या भात्याच्या मागं पडीक जागा हाय. तितं ऱ्हातील."

"ती जागा गावाची हाय, गुंडप्पा."

"हाय की. इळं बी गावाचंच व्हतं."

पाटलानं राशीतले मूठभर दाणे हातात घेऊन परत सोडले. मग म्हणाला, "तुजी कुरकुर यायची न्हाय ना पुढं? आज ऱ्हाऊ दे म्हनशील, उद्या माजं काम खाल्लं म्हनत येशील."

"माजं काम मला ठाऊक, त्यांचं त्यांना. कातरी घेऊन माज्या दारात आलं कुनी तर मीच हाकलीन."

"बघू," पाटील म्हणाला, आणि मग अब्बाचा चेहरा पाहून हसला. "आरं, बघू म्हंजे जागा बघू. चला, रेघ मारून घ्या."

त्या जागेवर आमचं घर अजून आहे, आता सिमेंटचं. माझी बहीण त्याच पहिल्या छपराखाली जन्मली, आणि कोंडाबाईनं तिची नाळ कापली ती अब्बानं धार लावलेल्या सुरीनं. निजामी संपली त्या वाईट दिवसांत गुंडप्पा आमच्या उंबऱ्यावर हातोडी घेऊन बसून राहिला होता. त्यावर मी इथं जास्त लिहीत नाही. एवढंच की तो उठला नाही, आणि कुणी त्याला उठवलंही नाही.

खळ्यावरून आम्ही सरळ त्या पडीक जागेवर गेलो. अम्मा आणि कोंडाबाई आधीच तिथं येऊन उभ्या होत्या. त्यांना कुणी सांगितलं ते मला आजवर कळलेलं नाही. गुंडप्पानं डाव्या हातात पहार धरून जमिनीवर चौकोन ओढायला सुरुवात केली आणि अब्बाला विचारलं, "दार कुनीकडं?"

"कहीं भी चलेगा," अब्बा म्हणाला. तो अजून भानावर आला नव्हता.

"उगवतीला," अम्मा म्हणाली. "दार उगवतीला पायजे. सकाळच्या उन्हात धार दिसती."

गुंडप्पा पहार टेकून उभा राहिला. "आगं, बाई मराठी बोलती की."

"बोलती की," कोंडाबाई म्हणाली. "तुमी कदी इचारलं न्हाय."

गुंडप्पानं उगवतीच्या बाजूची रेघ पायानं पुसून तिथं दाराएवढी जागा मोकळी सोडली. अम्मा त्या मोकळ्या जागेतून आत गेली. चौकोनात सगळीकडं तण आणि दगडच होते. तिनं एका कोपऱ्यातले दगड बाजूला केले, एक हात कमरेवर ठेवून हळूच खाली बसली आणि मला म्हणाली, "जैनब, तवा ला. चूल्हा यहाँ होंगा."